प्रबोधनकालीन साहित्यातील प्रेमकल्पना

यूरोपीय प्रबोधनकाळातील साहित्यात शारीर व आध्यात्मिक प्रेमाच्या परस्परसंबंधांविषयी व्यक्त झालेले विचार. देहाचे आकर्षण ही आत्मोन्नतीची पहिली पायरी, की तिच्या वाटेतील धोंड, हा या विचारातील कळीचा प्रश्न होय.

पीत्रार्कच्या (१३०४–७४) लॉराविषयक कवितांत हा प्रश्न अनिर्णितच राहतो : प्रेयसी ईश्वराकडे नेते आणि त्याच्यापासून दूरही ठेवते. मार्सील्यो फीचीनोने प्लेटोच्या सिंपोझियमवरील भाष्यात (१४६९) त्याला तात्त्विक उत्तर दिले. सुंदर देहापासून सुंदर आत्म्याकडे व तेथून ईश्वरी सौंदर्याकडे जाणारी शिडी त्याने कल्पिली. कास्तील्योनेच्या इल कोर्तेजानो (१५२८) या ग्रंथात हेच मत दरबारी संभाषणाच्या रूपाने येते आणि तेथून ते यूरोपभर पसरले. आरेतीनोसारख्या लेखकांनी या शिडीची उघड थट्टा केली. लुईझ लाबे या फ्रेंच कवयित्रीने मात्र (कवितासंग्रह १५५५) स्त्रीच्या देहवासनेला निःसंकोच वाणी दिली.

दोन्ही प्रवृत्तींचा सर्वांत अस्वस्थ करणारा संगम पोर्तुगीज कवी लुईश द कामाँइश (मृ. १५८०) याच्या काव्यात आढळतो. तो १५५३ मध्ये गोव्यास आला. त्याची पहिली छापील कविता गोव्यातच, गार्सिया द ऑर्ताच्या औषधीविषयक ग्रंथात (१५६३) प्रसिद्ध झाली. त्या काळी वसई, तारापूर ही उत्तर कोकणातील ठाणी पोर्तुगीजांकडे होती. १७३९ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली. प्रियकर ध्यासाने प्रेयसीरूपच होतो, मग इच्छा उरावीच का, असे त्याचे एक सुनीत विचारते. आणि द्रव्याला जशी आकाराची ओढ, तशी ही ओढ उरतेच, असे म्हणते. बार्बरा नावाच्या दासीवरील कवितेत तर सोनेरी केसांचा रूढ संकेत मोडून त्याने सावळ्या वर्णाची थोरवी गायिली आहे.

त्याच्या ऊश लुझीआदश (१५७२) या महाकाव्याच्या नवव्या सर्गात व्हीनस देवता परतणाऱ्या खलाशांसाठी प्रेमद्वीप निर्माण करते. तेथील अप्सरांबरोबरच्या रतिक्रीडेचे वर्णन मोकळे आहे. पण लगेच कवी सांगतो, की त्या अप्सरा म्हणजे पराक्रमाने मिळणारी कीर्ती होय. धर्मपीठाच्या परीक्षकानेही काव्यातील देवदेवता केवळ कविकल्पना आहेत, असे मानून ग्रंथास परवानगी दिली. हे रूपक वर्णनास मागाहून जोडल्यासारखे वाटते. वाचकाच्या मनात राहते ते द्वीपच.

या काव्याच्या एकच वर्ष आधी, १५७१ मध्ये, एकनाथांनी वाराणसीस रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केले. प्लेटोमताशी त्याचा संबंध नाही. पण प्रश्न तोच आहे. रुक्मिणी म्हणजे जीव व श्रीकृष्ण म्हणजे परमात्मा, हे रूपक येथे आरंभापासून कथेत मुरलेले आहे. म्हणूनच मराठी घरातील लग्नाचे विधी, वऱ्हाडी मंडळींचे मानपान आणि थट्टामस्करी यांचे सविस्तर वर्णन करूनही कवीला त्यांविषयी वेगळा खुलासा करावा लागत नाही. फीचीनोच्या शिडीवर देह खालच्या पायरीवर सुटतो. एकनाथांच्या मंडपात तो अखेरपर्यंत हजर असतो.