तुरट घोट, तेलकट घास

मटणाच्या रश्शावर तवंग जितका जाड, तितकी रेड वाइन मऊ लागते. याचं श्रेय बाटलीला कमी आणि लाळेला जास्त.

रेड वाइन करताना द्राक्षाचा रस साली-बियांसकट आंबवतात, त्यामुळे त्यांतलं टॅनिन वाइनमध्ये उतरतं. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने भरलेली प्रथिनं असतात. तोंड बुळबुळीत राहतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. टॅनिन या प्रथिनांना चिकटतं, त्यांचे सूक्ष्म गोळे होतात आणि जीभ टाळूला खरखरीत लागू लागते. कच्चं केळं किंवा सुपारी चावल्यावर तोंड आवळून येतं ते याच कारणाने. आयुर्वेदाने तुरट चव सहा रसांत धरली असली, तरी शरीरशास्त्र तिला चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळ ठेवतं.

गंमत म्हणजे हा तुरटपणा साचत जातो. संशोधक पॉल ब्रेस्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना द्राक्षबियांच्या अर्कासारखी सौम्य तुरट द्रावणं पुन्हा पुन्हा प्यायला दिली, तेव्हा घोटागणिक तुरटपणा चढत गेला. चहा आणि सलामी आळीपाळीने दिल्यावर मात्र तेलकटपणा आणि तुरटपणा एकमेकांना आवरत राहिले. नुसत्या वाइनचा तिसरा घोट नकोसा होतो आणि जेवताना तोच हवासा वाटतो, तो यामुळे.

टॅनिन किती, हे द्राक्षाच्या जातीवरही ठरतं, आणि बऱ्याच रेड वाइन दोन-तीन जाती मिसळून करतात. एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन का नको? फ्रान्समधल्या बोर्दोकडे पाहावं. कॅबरने सोव्हिन्यॉचे मणी लहान, साल जाड, टॅनिन भरपूर. पण ते पिकतं उशिरा. मर्लो आधी पिकतं आणि चवीला मवाळ. अटलांटिककडून येणाऱ्या लहरी हवेत एक जात मार खाते, तेव्हा दुसरी तगते. मिश्रणामागे जिभेच्या चोचल्यांइतकाच शेतकऱ्याचा धूर्तपणा आहे, असं मला वाटतं. नाशिककडे शिराज-कॅबरने ही जोडी चालते, पावसाळा टाळण्यासाठी तिथली तोडणी हिवाळ्याअखेर होते.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता जाणवणाऱ्या ज्या ग्राहीला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही डिवचतं. म्हणजे झणझणीत रश्शावर वाइन हा उतारा नाही, उलट भडका आहे. म्हणून वाइनसोबतच्या रश्शासाठी सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून वाटण करा, चरबीचे चार तुकडे राहू द्या, तिखट मात्र निम्मं. बांगड्याच्या दिवशी रेड वाइन नकोच: तिच्यातल्या लोहाने माशाचा हिवस वास चढतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. आणि ‘तब्येतीसाठी पितो’ ही सबबही नको. मद्याची कुठलीच मात्रा निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. तिथे ते १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली तिशी ओलांडते, मग वाइनमधून अल्कोहोलचाच भपकारा येतो. जेवणाआधी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. फार गार केली, तर टॅनिन बोचतं.