दुसऱ्या क्रमांकाचा पगार

अभ्यासिकेच्या मोठ्या खोलीत पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं उघडी आहेत, पण पान कुणी उलटत नाही. सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या केबिनकडे. काचेच्या दाराआड लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाचा अकरा वाजता पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीबरोबर टेक्निकल राउंड आहे. तो मात्र इथं, भोकरदनमध्ये. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. वायफाय गेलं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेला मोबाइल शेजारी तयार ठेवलाय.

वेळ होते. तो लॅपटॉप उचलतो आणि गोल फिरवून चारही भिंती दाखवतो. खोलीत दुसरं कुणी नाही ना, याची पलीकडच्यांना खात्री हवी असते. आम्ही दारापासून बाजूला सरकतो. हेडफोनमुळे प्रश्न ऐकू येत नाहीत, त्याची उत्तरं तेवढी येतात. आधी स्वतःची ओळख. पाठ केलेलं इंग्रजी सुसाट सुटतं.

"हळू घे, हळू," माझ्या शेजारची मुलगी पुटपुटते. इथं सगळे तिला ताई म्हणतात. तिच्या हातात जाड रजिस्टर आहे. जो कुणी इंटरव्ह्यू देईल, त्याने आपल्याला विचारलेले प्रश्न त्याच दिवशी यात लिहायचे, हा तिने घालून दिलेला नियम. मी पानं चाळतो. 'लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावली, कागदावर.' 'नॉर्मलायझेशनची व्याख्या नको होती, उदाहरण पाहिजे होतं.' एका वाक्याखाली दोन रेघा आहेत: 'प्रोजेक्टमधला तुमचा स्वतःचा भाग कोणता, हे विचारतातच. ग्रुपने केला म्हणू नका.'

मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या कॉलेजांत हे सगळं होस्टेलवरच कानावर पडतं. ज्या कॉलेजांकडे कंपन्या फिरकत नाहीत, तिथल्या मुलांना सांगणार कोण? टीसीएसने २०१८मध्ये देशभरासाठी सामाईक पात्रता परीक्षा सुरू केली, तेव्हा अशा मुलांना निदान दाराशी उभं राहता आलं. २०२०च्या टाळेबंदीनंतर मुलाखती पडद्यावर आल्या. रात्रभर प्रवास करून सकाळी हिंजवडीत फाइल घेऊन रांगेत थांबणं पुष्कळांचं टळलं. पण आत गेल्यावर काय होतं, हे आधी जाऊन आलेल्यानेच सांगावं लागतं. म्हणून हे रजिस्टर मला कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा मोलाचं वाटतं.

आत टायपिंग सुरू झालंय. टाइप करता करता तो मोठ्याने बोलतोय: एम्प्लॉयी टेबल, सॅलरी, ऑर्डर बाय. "दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगितलाय," ताई ओळखते. रजिस्टरमध्ये हा प्रश्न जागोजागी आहे. पगार उतरत्या क्रमाने लावायचे, पहिली ओळ सोडायची, पुढची उचलायची. त्याचं चटकन होतं. आणि मग तो थांबतो.

बराच वेळ आतून काहीच येत नाही.

"सर्वांत मोठा पगार दोघांना सारखाच असला तर, असं विचारलं असणार," ताई म्हणते. खरंच आहे, मग पहिली ओळ सोडली तरी दुसऱ्या ओळीवर तोच पगार येणार. रजिस्टरमध्ये एवढं पुढचं कुणी लिहिलेलं नाही. आतून अडखळत आवाज येतो. इंग्रजी तुटतं, मराठी मिसळते. "म्हणजे सर, आधी मॅक्स काढायचा... मग त्याच्यापेक्षा जे कमी आहेत, त्यांच्यातला मॅक्स." लगेच, "सॉरी सर, मराठीत बोललो." पलीकडून चालेल म्हटलं असावं, कारण पुढे तो मराठीतच समजावत राहतो, आणि आवाजातली घाई पार गेलेली असते.

त्या न दिसणाऱ्या परीक्षकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याने पुढचा प्रश्न विचारला आणि मग वाट पाहिली. पाठांतर संपतं तिथून पुढेच मुलगा खरा कळायला लागतो; कितीतरी मुलाखती त्याच्या अलीकडेच आटोपतात. कामाला इंग्रजी लागतं, ते शिकायलाच हवं. पण डोकं कसं चालतं हे पाहायचं असेल, तर ते ज्या भाषेत चालतं तिला थोडी जागा द्यावी.

"भोकरदन, सर. जालना जिल्हा." आता गावाबद्दल चाललंय. जुनं नाव भोगवर्धन, इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांची-भारहूतच्या स्तूपांवर आहेत, उत्खननात हस्तिदंताची मूर्ती सापडली, तशीच एक इटलीत पॉम्पेईला मिळाली होती. गावाबद्दल दोन वाक्यं तयार ठेवा, ही सूचना रजिस्टरच्या पहिल्याच पानावर आहे.

शेवटी तो विचारतो, "नसेल झालं, तरी मेल येईल ना सर?"

या प्रश्नामागे काय आहे, ते रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात दिसतं. वर 'निकाल' लिहिलंय. 'नाही' अशी नोंद थोड्याच ठिकाणी, बाकी बरेच रकाने कोरे. नकार ही मुलं पचवतात. उत्तरच न येणं त्यांना खातं. दुसरीकडे अर्ज करायचा की थांबायचं, घरी काय सांगायचं, सगळं अडून राहतं. ऑफर लेटर हातात पडूनही हे संपत नाही: २०२२मध्ये निवड झालेल्या अनेक इंजिनीअरांना जॉइनिंगसाठी २०२४पर्यंत ताटकळावं लागलं, आणि पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी लागली. एका ओळीचा मेल पाठवणं कुठल्याही कंपनीला जड नाही. तो पाठवलाच पाहिजे.

दार उघडतं. तो बाहेर येतो तोच फोन वाजतो. घरी मिरचीची तोडणी चाललीय.

"झालं का रे? काय म्हणले?"

"आठ दिवसांत कळवतो म्हणले, बाबा. नसलं झालं तरी कळवतील."

"बरं. मग दुपारून ये. माल पिंपळगाव रेणुकाईला न्यायचाय."

ताई रजिस्टर पुढे सरकवते. "आधी लिही, मग जा." तो उभ्याउभ्याच लिहायला लागतो. तलाठी परीक्षेचं पुस्तक मिटून एक मुलगा जवळ येतो, वाकून वाचतो. "अन् तिसऱ्या क्रमांकाचा विचारला तर?"

लिहिणाऱ्याचा हात थांबतो. "परत एकदा मॅक्स... नाही, लांबेल ते."

"डेन्स रँक बघितलंय का?" ताई विचारते, आणि खडू घेऊन फळ्यावर पगारांचा तक्ता आखते. वरचे दोन आकडे ती मुद्दाम सारखेच लिहिते.