‘द चोझन’ पाहावी की नाही? येशूवरील मालिकेवरून ख्रिस्ती समाजात दोन मते का?

येशूच्या जीवनावरील ‘द चोझन’ ही अमेरिकी मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. पहिल्या सीझनसाठी लोकांनीच एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. तरीही काही ख्रिस्ती ती पाहत नाहीत. का?

पहिला आक्षेप कथेवर नाही, चेहऱ्यावर आहे. दहा आज्ञांतील मूर्तीविषयीची आज्ञा पडद्यालाही लागू होते, असे कर्मठ प्रोटेस्टंट मानतात. १७व्या शतकातील वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत देवाचे चित्र निषिद्ध आहे, अगदी मनातलेसुद्धा. प्रार्थनेला डोळे मिटले आणि अभिनेता जोनाथन रूमी दिसला, तर पंचाईतच! कॅथलिकांना ही अडचण नाही. ७८७ च्या निकिया परिषदेने पवित्र प्रतिमांना मान्यता दिली आहे.

दुसरा मुद्दा पदरच्या कथेचा. बायबलमध्ये पेत्राच्या सासूचा उल्लेख आहे, पत्नीचे नाव नाही. मालिकेत ती एडन होते. मत्तयाला ऑटिझम असल्याचे दाखवले आहे. निर्माते हे लपवत नाहीत. पहिल्याच भागात तशी सूचना देऊन ते शुभवर्तमाने वाचायला सांगतात. पण ती न वाचलेल्या प्रेक्षकाला वचन कोणते आणि पटकथाकाराचा संवाद कोणता, हे कळणार कसे? चेहऱ्यापेक्षा हा प्रश्न जास्त अवघड आहे.