मेंदूविज्ञान व शिक्षक-शिक्षण

मेंदूची रचना व कार्य यांविषयीचे ज्ञान शिक्षकांना अध्यापनाचा पाया म्हणून देण्याचा प्रयत्न. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष जोमाने सुरू झाला.

तत्पूर्वी कवटीच्या उंचसखलपणावरून मनोगुण ओळखू पाहणाऱ्या मस्तकसामुद्रिकाचा तेथील शिक्षणसुधारकांवर प्रभाव होता. होरेस मान (१७९६–१८५९) आणि बॉस्टनच्या अंधशाळेचे प्रमुख सॅम्युएल ग्रिडली हौ (१८०१–७६) हे त्याचे पुरस्कर्ते होते. पुढे हे मत अशास्त्रीय ठरले. तथापि मेंदूच्या शक्ती व्यायामाने वाढतात, ही त्यातील कल्पना टिकून राहिली.

हौ यांच्या शाळेतील अंध व बधिर विद्यार्थिनी लॉरा ब्रिजमन १८८९ मध्ये मरण पावली. तिच्या मेंदूची तपासणी हेन्री हर्बर्ट डॉनल्डसन (१८५७–१९३८) यांनी केली. बालपणीच निकामी झालेल्या ज्ञानेंद्रियांशी संबंधित असे मेंदूच्या बाह्य थराचे भाग त्यांना पातळ आढळले. तरीही द ग्रोथ ऑफ द ब्रेन (१८९५) या ग्रंथात त्यांनी सावध निष्कर्ष काढला. शिक्षणाने तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) मूळ घडण बदलत नाही. असलेल्या रचना सरावाने दृढ होतात व काही सुप्त कोशिका जागृत होतात, असे त्यांचे मत होते. याउलट लुइव्हिल येथील शिक्षक रूबेन पोस्ट हॅलेक यांनी द एज्युकेशन ऑफ द सेंट्रल नर्व्हस सिस्टिम (१८९६) या पुस्तकात मेंदू कोवळा असतानाच ज्ञानेंद्रियांना वळण लावण्याचा आग्रह धरला. एकाच शास्त्रातून अशी परस्परविरोधी अनुमाने निघाली.

विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी १८९२ पासून शिक्षकांपुढे दिलेली व्याख्याने टॉक्स टू टीचर्स ऑन सायकॉलॉजी (१८९९) या नावाने प्रसिद्ध झाली. सवयींचे मूळ त्यांनी तंत्रिका तंत्राच्या लवचिकतेत दाखविले. परंतु अध्यापन ही कला असून शास्त्रातून वर्गातील कार्यपद्धती थेट निष्पन्न होत नाही, असा इशाराही दिला.

अध्ययनाने तंत्रिका कोशिकांमधील जोडण्या बदलतात, हे विसाव्या शतकातील संशोधनाने दाखविले. जेम्स यांचा इशारा मात्र कालबाह्य झाला नाही. १९९७ मध्ये जॉन ब्रूअर यांनी मेंदूविज्ञान व वर्गाध्यापन यांना थेट जोडणे अकाली असून त्यांमधील दुवा बोधनात्मक मानसशास्त्राने पुरवावा, असे प्रतिपादन केले. मेंदूविषयीची माहिती शिक्षकाला उपयुक्त ठरते. ती अध्यापनपद्धतीची जागा घेत नाही, हाच या प्रारंभीच्या इतिहासाचा बोध होय.