चंद्रीचं पहिलं वेत

मुलांनो, खरवस कोणाला आवडत नाही? गुळाचा, वेलदोडा घातलेला, सुरी लावली की थरथरणारा! पण हा खरवस ताटात येण्याआधी गोठ्यात किती महिने तयारी चालते, ठाऊक आहे का? मला ते कळलं आमच्या चंद्रीमुळे.

चंद्री म्हणजे आमची संकरित जर्सी कालवड. घरच्या दुधासाठी आजीनं वासरापासून वाढवलेली. मी सातवीत असताना ती गाभण राहिली. आजीनं मला डॉक्टरांच्या कार्डावरच्या तारखेपासून २८० दिवस मोजायला लावले आणि कॅलेंडरवर कुंकवाची खूण केली. गाईचे दिवस साधारण तेवढेच, नऊ महिने नऊ दिवस! चार-आठ दिवस मागेपुढे व्हायचेच.

चंद्री तशी गरीब, पण मागच्या बाजूला कुणी गेलं की लाथ ठरलेली. आजीला त्याचीच काळजी. गावात एका घरी अशीच पहिलारू कालवड व्याली होती. कधी कासेला हात लागलेला नाही आणि पहिल्याच दिवशी पाय बांधून, काठी उगारून धार काढायला बसले. गाय जी बिथरली, ती कायमचीच. शेवटी तिला बाजार दाखवला.

"पोरी, पहिलारू हाय ती. आपल्याला काय होतंय, तिला ठावं नाय. आत्तापास्नं हाताची सवय लाव," आजी म्हणाली.

सातव्या महिन्यापासून रोज शाळेतून आले की मी गोठ्यात. आधी पाठीवर खरारा, मग पोटावर, मग मांडीवर. शेपूट जोरात हलली की तिथंच थांबायचं, तिच्याशी बोलायचं. पंधरा-वीस दिवसांनी कासेवरून हात फिरवला, तरी ती रवंथ करत उभी! मला केवढा आनंद झाला. उत्साहाच्या भरात मी सड पिळणार, तेवढ्यात आजीनं हात धरला. सडाच्या तोंडाशी निसर्गानं बूच बसवलेलं असतं. विण्याआधी पिळलं तर ते निघतं, आतला चीक वाया जातो आणि रोगजंतूंना वाट मिळते. हात लावायचा, पिळायचं नाही!

खुराकाचंही गणित होतं, बरं का. पोटातल्या वासराची जास्त वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. शिवाय पहिलारू कालवड स्वतःसुद्धा वाढत असते. म्हणून हिरवा चारा आणि कडब्याबरोबर रोज दीड-दोन किलो खुराक, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढं खनिज मिश्रण. पण लाडानं फार चारायचं नाही. गाय लठ्ठ झाली की विताना अडते.

शेवटचे पंधरा दिवस चंद्रीला इतर जनावरांपासून वेगळं बांधलं. खाली फरशी घसरायची, म्हणून बाबांनी कोरडं गवत अंथरलं. रोज ते बदलायचं काम माझं. हळूहळू कास भरली, सड ताठ झाले. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले.

"आज-उद्या," आजी म्हणाली.

त्याच रात्री चंद्रीची ऊठबस सुरू झाली. पाणमोट फुटली. पुढचे दोन खुर दिसले, पण पुढं काही सरकेना. आजीची नजर घड्याळावर. वासरू सरळ असेल तर पुढच्या दोन पायांवर नाक ठेवून येतं, विहिरीत सूर मारतो तसं. एकच पाय दिसला किंवा मागचे पाय आले, तर तडक डॉक्टर! सगळं सरळ असूनही पाणमोट फुटल्यावर तास-दीड तासात काम पुढं गेलं नाही, तरीही डॉक्टर. ओढाताण करायची नाही. तास होत आला. बाबांनी पायात चपला घातल्या, आणि तेवढ्यात दिसलं काळं, ओलं नाक! मग बघता बघता वासरू गवतावर. कालवड झाली होती!

आजीनं तिचं नाक-तोंड पुसलं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं. चंद्री तिला चाटू लागली. पण पिल्लू धडपडत उठून कासेशी गेलं, तशी चंद्री दचकली आणि तिनं पाय उचलला.

मुलांनो, आता खरी अडचण होती. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं आईच्या पोटातच मिळतात. वासराला ती मिळत नाहीत, ती असतात चिकात. वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषतं, आणि २४ तासांनी ते दार बंद! म्हणून तासा-दोन तासांत पहिला चीक पोटात जायलाच हवा, आणि पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. पण घाबरलेली गाय पान्हा चोरते, मारून तर मुळीच सोडत नाही.

"जा, तुझा हात वळकतीया ती," आजी हळूच म्हणाली.

मी पाठीवर हात ठेवला. मग पोटावर, मग मांडीवर. रोजच्यासारखीच बोलत राहिले. शेपूट हलायची थांबली. आजीनं कास कोमट पाण्यानं पुसली आणि वासराच्या तोंडात सड दिला. चुक्‌ चुक्‌ आवाज सुरू झाला! चंद्रीनं मान वळवून बघितलं, आणि लाथ काही मारली नाही.

पहाटे वार पडली. ती आपोआप पडू द्यायची, ओढायची नाही. बारा तासांत पडली नाही, तर डॉक्टरांना बोलवायचं. उघड्या हातानं वारेला शिवायचंही नाही, कारण काही रोग त्यातून माणसाला होतात. आजीनं ती गाईच्या तोंडाला लागण्याआधी लांब नेऊन खोल पुरली आणि साबणानं हात धुतले.

आणि खरवस? तो झाला दुसऱ्या दिवशी, वासरू पोटभर प्यायल्यावर उरलेल्या चिकाचा. वाटीत एवढासाच तुकडा आला, पण तसा खरवस मी पुन्हा कधी खाल्ला नाही.