पाटी पुन्हा कोरी

फेब्रुवारीच्या मध्यावर शिकागो थंडीनं गारठलेलं असतं आणि तिकडे ॲरिझोनातल्या मेसामध्ये, स्वच्छ उन्हात, शिकागो कब्सचे पिचर आणि कॅचर सरावाला उतरतात. एवढ्या बातमीनंही बेसबॉलच्या चाहत्याला हुरूप येतो.

मेजर लीगचे ३० संघ वसंताआधी असे ॲरिझोना किंवा फ्लोरिडात जमतात. तिथल्या सामन्यांचे निकाल हंगामात धरले जात नाहीत. मार्चअखेरीस प्रत्येकी १६२ सामन्यांची खरी झुंज सुरू होते, तेव्हा गतविजेता आणि तळाचा संघ एकाच रेषेवर उभे असतात.

कब्सच्या चाहत्यांनी ही आशा पिढ्यान्‌पिढ्या जपली. १९०८ नंतर विजेतेपद नाही, १९४५ नंतर तर अंतिम मालिकाही नाही! तरी दर वसंतात ‘यंदा नक्की’ म्हणत माणसं रिग्ली फील्डवर जातच राहिली. याला भाबडेपणा म्हणणं अन्यायाचं. ही निष्ठा आहे. २०१६ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडविरुद्ध १-३ असे मागे पडलेले कब्स सावरले आणि सातवा सामना, पावसाच्या व्यत्ययानंतर, दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असा जिंकले.

त्या रात्री हरलेल्या क्लीव्हलंडचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं होतं. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांचे खेळाडूही ॲरिझोनातल्या गुडइयरला सरावासाठी हजर झाले.