साठवण करा, पण विषाविना

उन्हाळा आला की वर्षाचे गहू, डाळी भरायची घाई सुरू होते. मैत्रिणींनो, त्याआधी एक सांगते. कीड लागू नये म्हणून अनेक जणी कोठीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकतात. ती घरासाठी नाहीच, गोदामासाठी असते. हवेतल्या ओलाव्यानेही तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्याच खोलीत दार लावून झोपलेल्यांच्या तो जिवावर बेततो आणि त्यावर उतारा नाही. तेव्हा ही गोळी घरात आणूच नका.

मग काय करायचं? आपल्या आजीचीच रीत! गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरले तर आत पाणी सुटतं. गव्हाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. रवा, बेसन मात्र लागेल तसंच आणा. कोठी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. डब्यावर महिना लिहा, जुनं आधी संपवा.

आणि शेजारणीच्या कोठीत ती गोळी असेल, तर तिलाही हे आजच सांगा.